सोसायटीच्या पूलमध्ये सॉल्ट क्लोरिनेटर आणि दोन स्पीडचा पंप कसा चालवायचा

बिल्डरकडून पूल ताब्यात आला की कमिटीच्या हाती चाव्यांचा जुडगा, एक वॉरंटी कार्ड आणि प्लांट रूममधल्या दोन न उमगणाऱ्या वस्तू येतात. भिंतीवर सॉल्ट क्लोरिनेटर, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र, आणि खाली दोन स्पीडचा पंप. घोडबंदर रोडच्या टॉवरांत, खारघर-नेरुळच्या सोसायट्यांत ही जोडी आता दिसू लागली आहे. बसवणारा दहा मिनिटांत बटणं दाखवून निघून जातो. मग ऑपरेटर जुन्या सवयीने पंप हाय स्पीडवर सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास चालवतो. पाणी दिसायला बरं, क्लोरीन मात्र कायम कमी, आणि वीजबिल बघून ट्रेझरर घाम पुसतोय.

यातली मेख एकच आहे, ती आधी सांगतो. क्लोरिनेटरला पाण्याचा जोर नको असतो, त्याला तास हवे असतात. सेलमधून (यंत्राच्या ज्या भागात क्लोरीन बनतं त्यातून) ताशी दहा हजार लिटर पाणी गेलं काय आणि वीस हजार गेलं काय, तासाला क्लोरीन तेवढंच तयार होतं. म्हणून पंप बराच वेळ लो स्पीडवर आणि गरजेपुरता हाय स्पीडवर चालवायचा. पुढचं सगळं या एका वाक्याचा हिशेब आहे.

हा लेख ८०-१०० फ्लॅटच्या सोसायटीतल्या, साधारण एक लाख लिटरच्या पूलसाठी आहे. दिवसभर बॅचेस चालणाऱ्या क्लबच्या किंवा महापालिकेच्या तलावाला दर चार-सहा तासांनी सगळं पाणी फिल्टरमधून जावं लागतं. तिथे लो स्पीडची काटकसर चालत नाही.

यंत्र करतं काय

पाण्यात थोडं मीठ असतं. सेलमध्ये रुथेनियम-इरिडियमचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून डीसी करंट गेला की मिठापासून क्लोरीन बनतं आणि लगेच पाण्यात विरघळतं. दुसऱ्या बाजूला हायड्रोजन वायू सुटतो. रिटर्न इनलेटपाशी (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाशी) पांढरट धुक्यासारखे बारीक बुडबुडे दिसतात ते हेच, घाबरायचं कारण नाही. क्लोरीन आपलं काम करून पुन्हा मिठात जमा होतं, त्यामुळे मीठ संपत नाही. ते कमी होतं ते बॅकवॉशमुळे (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतल्यामुळे), पावसाळ्यात वाहून गेल्यामुळे आणि पोरांनी उडवलेल्या पाण्यामुळे.

तेव्हा 'आमचा पूल क्लोरीनचा नाही, मिठाचा आहे' असं कोणी लिफ्टमध्ये सांगत असेल तर हसून सोडून द्या. क्लोरीन तेच आहे, फक्त ते कॅनमधून न येता जागेवर तयार होतं.

आधी तीन आकडे काढा

पहिला आकडा पाण्याचा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि १००० ने गुणा. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा पूल म्हणजे एक लाख लिटर धरा. ओव्हरफ्लो पूल असेल तर बॅलन्सिंग टँकचं (कडेवरून ओसंडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीचं) पाणी यात मिळवा. ते बहुतेक जण विसरतात. एक लाख लिटर हा आकडा सोयीचा आहे, कारण १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) म्हणजे बरोबर १०० ग्रॅम होतात.

दुसरा आकडा सेलचा. त्याच्या लेबलवर ताशी किती ग्रॅम क्लोरीन ते लिहिलेलं असतं. आपण पुढे २५ ग्रॅम धरू.

तिसरा पंपाचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन स्पीडची मोटर हाय स्पीडला मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते आणि लो स्पीडला त्याच्या निम्मे. पंपाच्या प्लेटवर ३४५० आणि १७२५ असे आकडे दिसले तर तो ६० हर्ट्झच्या देशातला माल आहे. स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका.

याशिवाय पूलमध्ये भरलेलं पाणी कुठलं आहे ते विचारा. ठाण्यात भातसा-बारवीचं, नवी मुंबईत मोरबेचं, म्हणजे धरणाचं पाणी येतं आणि ते सहसा मऊ असतं. मे महिन्यात टँकर मागवून भरलेलं बोअरचं पाणी जड असू शकतं, आणि त्याचा पांढरा थर सेलच्या पट्ट्यांवर बसतो. खाडीलगतच्या बोअरच्या पाण्यात तर मीठ आधीपासूनच असू शकतं. त्यामुळे गोणी फोडण्याआधी मोजणं भाग आहे.

मीठ किती, कोणतं, कसं

बहुतेक यंत्रांना ३००० ते ४००० पीपीएम मीठ लागतं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो, तोच अंतिम. ३५०० पीपीएम म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतात, आणि आपल्या रोजच्या आमटीतसुद्धा याच्या दुप्पट मीठ पडतं.

हिशेब सोपा आहे. पाण्यात आधीचं मीठ ३०० पीपीएम आहे आणि तुम्हाला ३३०० हवं आहे, तर ३००० पीपीएमची भर घालायची. एक लाख लिटरला ३०० किलो, म्हणजे २५ किलोच्या १२ गोणी. पहिल्या दिवशी दहाच टाका. मीठ कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालं तर पाणी काढून टाकण्यावाचून दुसरा इलाज नाही.

मीठ शुद्ध, आयोडीन नसलेलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून टाकलेल्या पावडरीशिवायचं घ्या. उरण-भाईंदरची मिठागरं जवळ आहेत, खडेमीठ स्वस्तात मिळतं, हे खरं. पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि चिखलाचा अंश येतो. गोणीमागे वाचलेले पैसे पुढे सेल धुण्यात आणि टाइल्सवरचे डाग काढण्यात जातात.

टाकताना क्लोरिनेटर बंद ठेवा आणि पंप हाय स्पीडवर चालू द्या. गोणी एका जागी ओतू नका, कडेकडेने फिरत टाका आणि तळाला ब्रश मारत राहा. मीठ ढिगाने मेन ड्रेनवर बसलं तर तेवढं खारट पाणी एकदम सेलमध्ये जातं. २४ तास पाणी फिरू द्या, मग मोजा, मगच क्लोरिनेटर सुरू करा. मोजायला मिठाच्या पट्ट्या मिळतात. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरने अंदाज येतो, पण तो अंदाजच समजा.

पूलच्या कडेला कोटा किंवा वालुकाश्म असेल तर तो धुऊन घ्यायची सवय लावा, मीठ दगडात मुरून त्याचे पापुद्रे काढतं. स्टीलची शिडी ३१६ ग्रेडची नसेल तर तिच्यावर तांबूस ठिपके येणारच.

वायरिंग: इथे घाई नको

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. पण त्याला काय विचारायचं हे कमिटीतल्या निदान एकाला माहीत हवं, कारण साध्या पंपाची वायरिंग पाठ असलेला माणूस दोन स्पीडच्या पंपापाशी हमखास अडखळतो.

नेहमीच्या पंपात क्लोरिनेटरची वायर पंपाच्या स्टार्टरनंतर जोडतात. पंप चालू झाला की क्लोरिनेटर चालू, बंद झाला की बंद. तीच पद्धत इथे वापरली आणि वायर हाय स्पीडच्या टर्मिनलवर जोडली, तर पंप लो स्पीडवर असताना, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ, क्लोरिनेटर मेलेला. मग कोणीतरी हुशारीने ती लो स्पीडच्या टर्मिनलवर हलवतो. ते आणखी वाईट, कारण दोन स्पीडच्या मोटरमध्ये एका स्पीडवर पंप चालू असताना दुसऱ्या स्पीडच्या टर्मिनलवरही व्होल्टेज येतं. ते ठरावीक २३० नसतं, कमी-जास्त असतं. त्यावर क्लोरिनेटरचा ट्रान्सफॉर्मर जोडला की तो आज नाही तर उद्या जळतो, आणि वॉरंटीवाला वायरिंग बघून हात वर करतो.

बरोबर पद्धत अशी: क्लोरिनेटरला वीज थेट सप्लायकडून, स्वतःच्या एमसीबीमधून द्यायची. मध्ये एक छोटा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) घालायचा आणि त्याची कॉइल पंपाच्या दोन्ही कॉन्टॅक्टरांच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून, समांतर जोडून चालवायची. हाय असो की लो, पंप चालू तर क्लोरिनेटर चालू. दोन्ही बंद तर तोही बंद. इलेक्ट्रिशियनला हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा, त्याला कळतं.

आणखी दोन गोष्टी त्याच बैठकीत तपासून घ्या. दोन स्पीडचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी कधीही ओढले जाणार नाहीत असा इंटरलॉक आहे का. आणि पूलच्या सर्किटवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग मोजलंय का. लहान मुलं उतरतात त्या पाण्याची गोष्ट आहे, 'बघू पुढच्या महिन्यात' चालणार नाही.

क्लोरिनेटरला स्वतःचा वेगळा टायमर लावून पंपाच्या टायमरशी वेळ 'जुळवून' ठेवणारे महाभाग भेटतात. महावितरणची वीज एकदा गेली की बॅटरी नसलेले टायमर मागे पडतात, दोन्ही सारखेच पडतील याची खात्री नाही. पंप बंद आणि सेल चालू अशी वेळ आली तर सेलमध्ये हायड्रोजन साठतो आणि तो स्फोटक आहे. पाणी वाहतंय का हे बघणारा फ्लो स्विच हे अडवतो, पण एकट्या फ्लो स्विचच्या भरवशावर राहू नये.

लो स्पीडवर फ्लो स्विच लागतोय का

सगळी योजना या चाचणीवर उभी आहे, आणि चाचणीला पाच मिनिटं लागतात. सेल नेहमी फिल्टरच्या नंतर, पूलकडे परतणाऱ्या पाइपवर शेवटचा असतो आणि त्याच्याजवळ फ्लो स्विच असतो. पुरेसं पाणी वाहतंय असं फ्लो स्विचने सांगितलं तरच सेल काम करतो.

फिल्टर नुकताच बॅकवॉश केलेला असताना पंप लो स्पीडवर घ्या. दोन मिनिटं थांबा. फ्लोचा दिवा हिरवा राहिला तर उत्तम. आता स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) बास्केट पानांनी अर्धी भरलेली असेल तशा अवस्थेत, किंवा फिल्टर मळलेला असताना पुन्हा बघा. स्वच्छ असताना लागणारा स्विच मळल्यावर सुटत असेल तर तुम्ही काठावर आहात. अशा वेळी आधी व्हॉल्व्ह बघा. रिटर्नचा एखादा व्हॉल्व्ह अर्धा बंद असतो. सेलला बायपास असेल तर तो बंद करा, म्हणजे सगळं पाणी सेलमधून जाईल. तरीही भागत नसेल तर त्या पूलला लो स्पीड पुरत नाही, हे मान्य करून हाय स्पीडचे तास वाढवा. स्विचची पाती वाकवून किंवा वायर शॉर्ट करून दिवा हिरवा करणारा मेकॅनिक भेटला तर त्याला पुन्हा बोलवू नका.

तासांचं वेळापत्रक

आता खरा हिशेब. उन्हातल्या, स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) घातलेल्या पूलमधून दिवसाला सुमारे २ ते ४ पीपीएम क्लोरीन जातं. एक लाख लिटरला २०० ते ४०० ग्रॅम. आपला सेल ताशी २५ ग्रॅमचा. जुन्या सवयीप्रमाणे पंप आठ तास चालवला तर सेल १०० टक्क्यांवर ठेवूनही २०० ग्रॅमच मिळतात. उन्हाळ्यात हे पुरत नाही, म्हणून क्लोरीन कायम कमी. तोच सेल १६ तास ६० टक्क्यांवर ठेवला तर २४० ग्रॅम, आणि वर ८०-९० टक्क्यांपर्यंत जायला जागा शिल्लक.

टक्के म्हणजे काय हेही समजून घ्या. ६० टक्के म्हणजे सेल मंद चालतो असं नाही. बहुतेक यंत्रांत सेल ठरावीक वेळातला ६० टक्के वेळ पूर्ण चालू आणि बाकी वेळ बंद असतो. त्यामुळे दिवा विझलेला दिसला म्हणून लगेच फोन करू नका, थोडं थांबा.

वीज किती वाचते? पंपाचा नियम असा की वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब चौथा हिस्सा होतो आणि लागणारी ताकद आठवा हिस्सा. प्रत्यक्षात मोटर लो स्पीडला तितकी कार्यक्षम नसते, म्हणून आठव्याऐवजी चौथा-पाचवा हिस्सा धरावा. उदाहरणापुरतं दीड एचपीचा पंप घ्या: हायला दीड किलोवॉट आणि ताशी २० हजार लिटर, लोला ०.४ किलोवॉट आणि ताशी १० हजार लिटर.

आठ तास हाय म्हणजे १२ युनिट आणि १ लाख ६० हजार लिटर पाणी फिरलं. त्याऐवजी दोन तास हाय आणि चौदा तास लो असं केलं तर ३ अधिक ५.६, म्हणजे ८.६ युनिट, आणि पाणी फिरलं १ लाख ८० हजार लिटर. पाणी जास्त गाळलं, वीज कमी लागली. महिन्याला १०० युनिटच्या आसपास फरक. डोळे दिपवणारा आकडा नाही, पण पंप मोठा असेल तर फरकही त्याच प्रमाणात वाढतो. आपल्या पंपाचे आकडे क्लॅम्प मीटर लावून घ्या, कॅटलॉगवर विसंबू नका.

मी सुचवेन ते वेळापत्रक असं. पंप सकाळी ५ ला लो स्पीडवर सुरू. दुपारी १२ ते १, पूल रिकामा असताना, हाय. याच तासात ऑपरेटरने व्हॅक्यूम आणि ब्रश उरकायचा, कारण लो स्पीडला व्हॅक्यूमला ओढ नसते. पुन्हा संध्याकाळी ७ ते ८, मुलांची गर्दी असते तेव्हा, हाय. बाकी सगळा वेळ लो, रात्री ९ ला बंद. पाण्यात माणसं आहेत आणि पंप बंद आहे, असं एक मिनिटही होता कामा नये. टाइम ऑफ डे मीटर असेल तर बिलावर स्वस्त-महाग वेळेचे टप्पे छापलेले असतात. हाय स्पीडचे तास त्यानुसार थोडे सरकवता येतात.

प्लांट रूम पोडियमखाली, पाण्याच्या पातळीच्या खालच्या अंगाला असेल तर पंप लो स्पीडवर सरळ सुरू होतो. रूम पूलच्या वर असेल तर पाणी ओढून घेण्यासाठी आधी दोन-तीन मिनिटं हाय आणि मग लो असं टायमरमध्ये बसवून घ्या.

एक गैरसमज काढतो. 'टक्के कमी ठेवले की सेल जास्त वर्षं टिकतो' हे अर्धंच खरं आहे. सेलचं आयुष्य त्याच्या चालू तासांवर, म्हणजे त्याने बनवलेल्या क्लोरीनवर जातं. २०० ग्रॅम आठ तासांत बनवा की सोळा तासांत, झीज तेवढीच. सेल वाचवायचा तर क्लोरीनची नासाडी थांबवा, आणि ती थांबते स्टॅबिलायझरने.

पहिला आठवडा आणि पाण्याची रोजची तपासणी

नव्या पूलमध्ये सुरुवातीचं क्लोरीन क्लोरिनेटरकडून मागू नका, तो त्याच्या गतीने चालणार. पहिल्या दिवशी लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधलं क्लोरीन) टाका. १० टक्क्यांचं ताजं हायपो एक लिटर म्हणजे एक लाख लिटरला १ पीपीएम. ३ पीपीएमवर आणून मग यंत्राच्या हाती द्या. ५० टक्क्यांपासून सुरू करा आणि रोज एकाच वेळी, सकाळी पोहणारे उतरायच्या आधी, मोजा. क्लोरीन रोज उतरत असेल तर १० टक्के वाढवा, चढत असेल तर १० कमी करा, आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस हात लावू नका. क्लोरिनेटर बिघडण्यापेक्षा त्याच्या बटणाशी रोज खेळणारी माणसं जास्त त्रास देतात.

मोजायला डीपीडी किट घ्या, गुलाबी रंग येतो ते. पिवळा रंग येणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं कामाचं किती ते कळत नाही. डीपीडीची एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग उडून नमुना पांढरा दिसतो आणि ऑपरेटर 'साहेब, क्लोरीन शून्य' म्हणत आणखी हायपो ओततो. शंका आली तर नमुन्यात निम्मं बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा मोजा. गुलाबी आला तर क्लोरीन भरपूर आहे.

फ्री क्लोरीन, म्हणजे अजून कामाचं असलेलं क्लोरीन, स्टॅबिलायझर असलेल्या पूलमध्ये २ पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका, ३ च्या आसपास असलेलं बरं. स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. ते नसेल तर भर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन ऊन खातं. ३० ते ५० पीपीएम पुरे; ४० साठी एक लाख लिटरला चार किलो. ते सावकाश विरघळतं, म्हणून कापडी पिशवीत बांधून स्किमरमध्ये ठेवतात. छत असलेल्या पूलला ते लागत नाही. जुन्या ऑपरेटरला टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्या टाकायची सवय असते. त्या गोळ्यांतूनही सायन्युरिक अ‍ॅसिड येतं आणि साठत जातं, पाणी बदलल्याशिवाय जात नाही. क्लोरिनेटर बसल्यावर गोळ्यांचा डबा बंद.

मिठाच्या पूलमध्ये पीएच आपोआप वर चढतो, हा दोष नाही, स्वभाव आहे. ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे किटवर क्लोरीन भरपूर आणि तरीही पाणी हिरवट, असं होतं ते यामुळे. पीएच चढला की म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (म्हणजे हायड्रोक्लोरिक) अर्धा लिटर बादलीभर पाण्यात मिसळा, रिटर्न इनलेटसमोर सावकाश ओता आणि चार तासांनी मोजून मग पुढचं ठरवा. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. अ‍ॅल्कलिनिटी (पीएचमधला बदल रोखायची पाण्याची ताकद) ८० पीपीएमच्या आसपास असली की पीएचची धाव कमी होते. १२०-१५० असेल तर दर दोन दिवसांनी अ‍ॅसिड ओतत बसाल.

अ‍ॅसिडचे कॅन आणि हायपोचे कॅन एका खोलीत शेजारी ठेवलेले मी कितीतरी प्लांट रूममध्ये पाहिले आहेत. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय अ‍ॅसिडची वाफ क्लोरिनेटरच्या सर्किट बोर्डाला खाते. अ‍ॅसिड वेगळ्या, हवेशीर जागी, कुलपात.

बॅकवॉश नेहमी हाय स्पीडवर

लो स्पीडवर बॅकवॉश केला तर वाळू उचललीच जात नाही, पाणी नुसतं तिच्यामधून वाट काढतं. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा हलवण्याआधी पंप बंद करा, बॅकवॉशवर न्या, हाय स्पीड द्या, काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालवा. पुन्हा पंप बंद, रिन्स अर्धा मिनिट, पुन्हा बंद, मग फिल्टर. बॅकवॉश सुरू असताना क्लोरिनेटर हाताने बंद ठेवा.

कधी करायचा हे गेज सांगतं, पण गेज कोणत्या स्पीडला वाचलं ते महत्त्वाचं. लो स्पीडला दाब चौथ्या हिश्श्यावर येतो आणि मळलेला फिल्टरही निर्मळ वाटतो. म्हणून रोज दुपारच्या हाय स्पीडच्या तासातच गेज वाचायचं आणि वहीत लिहायचं. बॅकवॉशनंतरच्या दाबापेक्षा अर्धा बार वाढला की पुढचा बॅकवॉश. रूम तळघरात असेल तर पंप बंद असतानाही गेज शून्य दाखवत नाही, वरच्या पाण्याचा दाब असतो; चार मीटरला ०.४ बार. गेज खराब आहे म्हणून बदलू नका. आणि दर बॅकवॉशला मीठही गटारात जातं, त्यामुळे हौसेने रोज बॅकवॉश नको.

पावसाळा, मे महिना, धुळवड

जुलैत ठाण्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. आपल्या ७२ चौरस मीटरच्या पूलवर ते ७२०० लिटर होतात. तेवढं पाणी मिसळून ओव्हरफ्लोला गेलं की ३३०० चं मीठ ३१०० च्या आत येतं; असे तीन दिवस झाले की २७०० च्याही खाली. आता लगेच ६० किलो मीठ टाकायचं का? माझं मत, नाही. पुढच्या आठवड्यात तेही वाहून जाणार. यंत्राची खालची मर्यादा ओलांडेपर्यंत चालू द्या, ओलांडली की क्लोरिनेटर बंद करून हायपोवर चालवा, आणि मीठ सप्टेंबरअखेर एकदम भरा. ढगाळ दिवसांत क्लोरीन कमी खर्च होतं, पूलवर माणसंही कमी असतात, त्यामुळे हायपो फार लागत नाही. पोडियमचं पावसाचं पाणी पूलमध्ये उतरत असेल तर मात्र आधी तो उतार दुरुस्त करून घ्या.

मे महिन्यात उलट. सुट्टी, ऊन, दिवसभर पोरं. टक्के ८० वर न्या, हाय स्पीडचे तास दोनावरून चार करा. धुळवडीला पूल सरळ बंद ठेवा, नोटीस दोन दिवस आधी लावा. रंग फिल्टरमध्ये आणि ग्राउटमध्ये बसतो तो क्लोरिनेटरने निघत नाही.

सेलची देखभाल आणि लाल दिवे

महिन्यातून एकदा वीज बंद करून, व्हॉल्व्ह बंद करून सेल काढा आणि उजेडाकडे धरून पट्ट्यांमधून आरपार बघा. पट्ट्या काळपट-करड्या दिसल्या आणि मधून उजेड आला तर तसाच परत बसवा. कडांना पांढरा, खरखरीत थर दिसला तर तो कॅल्शियमचा. नवी यंत्रं ठरावीक वेळाने करंटची दिशा उलटवून तो थर झटकतात, पण जड पाण्यात तेवढं पुरत नाही. आधी पाण्याच्या जोराच्या धारेने धुऊन बघा. न निघाल्यास चार भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि गॉगल घालून, दहा-पंधरा मिनिटं. फेस थांबला की काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं म्हणजे लेप ओरबाडणं. आणि पट्ट्या स्वच्छ असताना 'सर्व्हिस' म्हणून अ‍ॅसिड मारायला देऊ नका, दर वेळी थोडा लेप जातोच. उरलेल्या द्रावणात खाण्याचा सोडा टाका, फसफसणं थांबलं की मग गटारात.

सगळ्यात महागात पडतो तो 'लो सॉल्ट'चा दिवा. तो दिसला की मिठाची गोणी फोडायची नाही. यंत्र मीठ थेट मोजत नाही, पट्ट्यांमधून किती करंट जातो त्यावरून ओळखतं. पट्ट्यांवर थर असला, सेलची वायर सैल असली किंवा सेल म्हातारा झाला तरी करंट कमी जातो आणि दिवा तोच लागतो. आधी पट्टीने मीठ मोजा. ते बरोबर असेल तर सेल साफ करा. तरीही दिवा असेल तर प्लग काढून कार्बन, हिरवट गंज आहे का बघा. तिन्ही ठीक असतील तर सेल संपला.

साधारण तीन ते पाच वर्षांत ही वेळ येते. म्हणून पहिल्या वर्षापासूनच मेंटेनन्समधून दरमहा काही रक्कम नव्या सेलसाठी बाजूला काढा, नाहीतर सर्वसाधारण सभेत ऐनवेळी वर्गणीचा विषय निघतो. नवा मागवताना ताशी ग्रॅमच्या हिशेबात एक पायरी मोठा मिळाला तर तो घ्या, मात्र तुमचा कंट्रोल बॉक्स तो चालवू शकतो का हे आधी लेखी विचारून घ्या. आणि बसवून झाल्यावर फ्लो स्विचची लो स्पीडवरची ती पाच मिनिटांची चाचणी मेकॅनिक गेटबाहेर पडायच्या आत त्याच्यासमोर करा.